गॅरेजच्या दाराचा रिमोट आणि निकोला टेस्ला

गाडी दारापाशी आली, बटण दाबलं, दार वर गेलं. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांना यात आता काही विशेष वाटत नाही. इकडेही बंगल्यांच्या सरकत्या गेटला आणि दुकानांच्या शटरला अशा मोटरी बसायला लागल्या आहेत. जुना ओपनर बंद पडला आणि नवीन घ्यायची वेळ आली की दुकानात दोन प्रश्न हमखास विचारले जातात: किती वजनाचं दार उचलेल, आणि केवढ्याला पडेल? हे विचाराच. पण आणखी दोन विचारा. आत मोटर कुठल्या प्रकारची आहे? आणि माझ्या रिमोटशिवाय आणखी कशाने हे दार उघडू शकतं?

या दोन्ही प्रश्नांवर सव्वाशे वर्षांपूर्वी एकाच माणसाने डोकं लढवलं होतं. तो म्हणजे निकोला टेस्ला. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, गॅरेजचं दार काही टेस्लाने बनवलेलं नाही. वर सरकणारं दार १९२१ मध्ये आणि विजेवर चालणारा ओपनर १९२६ मध्ये आणण्याचं श्रेय अमेरिकेच्या सी. जी. जॉन्सन यांना दिलं जातं. पण छताला लटकणारा तो डबा उघडला, तर आत टेस्लाचं अर्धं आयुष्य सापडतं.

टेस्लाचा जन्म १० जुलै १८५६ चा, स्मिल्यान नावाच्या खेड्यातला. हे गाव तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं, आज क्रोएशियात आहे. घर सर्बियन. वडील मिलुतिन हे ऑर्थोडॉक्स चर्चचे धर्मगुरू. आई जूका शाळेत गेलेली नव्हती, पण घरातली छोटी-मोठी अवजारं स्वतः बनवायची. आपल्यात कल्पकता आली ती आईकडून, असं टेस्ला पुढे आयुष्यभर मानत राहिला. मुलानेही धर्मगुरू व्हावं अशी वडिलांची इच्छा होती. मग टेस्लाला कॉलरा झाला, तो मरणाच्या दारात जाऊन आला आणि त्या आजारपणात वडिलांनी शब्द दिला, की बरा झालास तर तुला इंजिनिअरिंगला पाठवतो.

१८७५ मध्ये तो ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या कॉलेजात दाखल झाला. तिथे वर्गात एक डीसी यंत्र दाखवलं गेलं. ते चालताना त्याच्या ब्रशपाशी ठिणग्या उडत होत्या. मिक्सर चालू असताना खालच्या फटीतून कधीकधी निळसर ठिणग्या दिसतात ना, तसंच. फिरणाऱ्या भागाला वीज पोहोचवायची म्हणून तिथे कार्बनचे तुकडे घासत असतात. टेस्लाचं म्हणणं पडलं, की ही घासाघास पूर्ण टाळता येईल. प्राध्यापकांनी भर वर्गात ते अशक्य ठरवलं. टेस्ला डिग्री न घेताच तिथून बाहेर पडला, पण हा विचार काही डोक्यातून गेला नाही.

उत्तर सापडलं १८८२ मध्ये, बुडापेस्टच्या एका बागेत मित्राबरोबर फिरताना. उत्तर असं: फिरणाऱ्या भागाला वीज द्यायचीच नाही. बाहेरच्या, स्थिर असलेल्या वेटोळ्यांत एसी वीज सोडायची. पण दोन वेटोळ्यांतली वीज एकमेकींच्या थोडी मागे-पुढे ठेवायची. मग चुंबकीय क्षेत्रच गोल फिरायला लागतं आणि आतल्या धातूच्या भागाला आपल्यामागे ओढत नेतं. ना ब्रश, ना ठिणगी.

हे तुमच्या डोक्यावर रोज चाललेलं असतं. साधा सिलिंग फॅन हळू झाला की इलेक्ट्रिशियन येऊन कपॅसिटर बदलतो, आणि पंखा पुन्हा जोरात फिरतो. तो कपॅसिटर हेच काम करतो, दुसऱ्या वेटोळ्यातली वीज पहिलीपेक्षा पुढे-मागे करतो. जुन्या गॅरेज ओपनरमध्येही हीच मोटर आणि असाच कपॅसिटर असतो. बटण दाबल्यावर नुसती घुरघुर येत असेल आणि दार हलत नसेल, तर अख्खा ओपनर फेकायच्या आधी मेकॅनिककडून कपॅसिटर तपासून घ्या. (स्वतः उघडू नका, बंद कपॅसिटरमध्येही चार्ज शिल्लक राहू शकतो.)

१८८४ मध्ये टेस्ला न्यू यॉर्कला पोहोचला आणि एडिसनच्या कारखान्यात लागला. काही महिन्यांतच बाहेर पडला. स्वतःची कंपनी काढली, तर गुंतवणूकदारांनी त्यालाच बाहेर काढलं. त्यानंतरच्या हिवाळ्यात या माणसाने न्यू यॉर्कमध्ये रोजंदारीवर खड्डे खणले आहेत. एसी मोटरची कल्पना डोक्यात तयार होती, आणि हातात फावडं!

दिवस पालटले १८८८ मध्ये. १ मे रोजी मोटरची पेटंट मिळाली, त्याच महिन्यात अमेरिकेतल्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेत त्याचं व्याख्यान झालं आणि पुढे जॉर्ज वेस्टिंगहाउसने हक्क घेतले. रोख आणि शेअर मिळून ६०,००० डॉलर, शिवाय प्रत्येक हॉर्सपॉवरमागे अडीच डॉलर. (इटलीत गॅलिलिओ फेरारिस हाही स्वतंत्रपणे याच तत्त्वापर्यंत पोहोचला होता, हे टेस्लाभक्त सहसा सांगत नाहीत.) १८९३ मध्ये शिकागोचं जागतिक प्रदर्शन एसी विजेने उजळलं, १८९६ मध्ये नायगाराची वीज बफेलो शहरात पोहोचली. एडिसनची डीसी हरली. वेस्टिंगहाउस कंपनी आर्थिक संकटात आली तेव्हा टेस्लाने रॉयल्टी सोडून दिली. ती सोडली नसती, तर या गोष्टीचा शेवट फार वेगळा झाला असता.

गंमत म्हणजे गॅरेजच्या छताला आज डीसी परत आली आहे. डीसी मोटरचे ओपनर आवाज कमी करतात, सुरू होताना आणि थांबताना धक्का देत नाहीत, आणि मुख्य म्हणजे वीज गेली तरी बॅटरीवर चालू शकतात. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या वणव्यांत वीज गेली आणि काही लोकांना गॅरेजमधून गाडी बाहेर काढता आली नाही. म्हणून तिथे १ जुलै २०१९ पासून नव्या ओपनरला बॅटरी बॅकअप सक्तीचा आहे. बेडरूम गॅरेजच्या वर किंवा शेजारी असेल, किंवा वीज वारंवार जात असेल, तर माझं मत सरळ डीसीला. इथे टेस्लाचा मान ठेवायची गरज नाही.

रिमोटवरची बोट

मार्च १८९५ मध्ये टेस्लाच्या न्यू यॉर्कमधल्या प्रयोगशाळेला आग लागली. उपकरणं, टिपणं, सगळं गेलं. आणि तरी तीनच वर्षांनी, १८९८ मध्ये, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात त्याने एक छोटी बोट सोडली. बोटीला दोरी नाही, तार नाही. टेस्ला बाजूला उभा राहून तिला वळवत होता, तिचे दिवे लावत होता. रेडिओवर माणसाचा आवाज ऐकू यायलाही तेव्हा अवकाश होता.

बोटीत धातूच्या कणांनी भरलेली एक नळी होती. रेडिओलहर आली की कण एकमेकांना चिकटत आणि त्यांतून वीज वाहू लागे. मग नळी उलटी होऊन कण पुन्हा सुटे होत, पुढच्या लहरीसाठी तयार. प्रत्येक लहरीसरशी आतलं चाक एक घर पुढे सरके आणि सुकाणूची पुढची अवस्था येई. आता तुमच्या रिमोटचं एकच बटण आठवा: दाबलं की दार वर, पुन्हा दाबलं की थांब, पुन्हा दाबलं की खाली. तोच हिशेब. ८ नोव्हेंबर १८९८ रोजी या शोधाला अमेरिकेचं ६१३८०९ क्रमांकाचं पेटंट मिळालं. नौदलाने मात्र बोट घेतली नाही.

पण प्रश्न उरलाच होता. लहर तर हवेत सगळीकडे जाते. मग ही बोट दुसऱ्या कुणाच्या लहरीने वळली तर? टेस्लाचं उत्तर होतं दोन वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी. दोन्ही एकत्र आल्या तरच यंत्र हलेल. एकटीच आली तर ढिम्म. कॉम्बिनेशनच्या कुलपासारखं. १९०३ मध्ये यावर त्याला दोन पेटंट मिळाली. दोन्ही अटी पूर्ण झाल्या तरच होकार, हे कॉम्प्युटरच्या चिपमधलं अँड गेटचं तत्त्वही इथेच दिसतं.

आता गॅरेजच्या कंपन्यांनी काय केलं बघा. सुरुवातीचे रेडिओ रिमोट इतके साधे होते, की शेजाऱ्याच्या बटणाने आपलं दार उघडायचं. मग रिमोटमध्ये बारीक स्विचची रांग आली. बारा स्विच म्हणजे ४,०९६ जोड्या. माणसाला हा आकडा मोठा, यंत्राला नाही. २०१५ मध्ये सॅमी कामकार या अमेरिकन सुरक्षा-संशोधकाने मुलांच्या एका खेळण्यात बदल करून दाखवलं, की असं दार १० सेकंदांच्या आत उघडता येतं.

म्हणून नवीन ओपनर घेताना रोलिंग कोड आहे का, हे विचाराच. यात रिमोट आणि डबा दोघांकडे एकच गुप्त किल्ली आणि एक मोजणी असते. प्रत्येक दाबीला नवा कोड जातो, वापरलेला कोड पुन्हा चालत नाही. त्यामुळे कुणी तुमचा सिग्नल रेकॉर्ड करून नंतर वाजवला तरी उपयोग नाही. टेस्लाच्या कुलपात ही सोय नव्हती, त्याची जोडी कायम तीच. रोलिंग कोडही अभेद्य नाही, पण फिक्स्ड कोडपेक्षा कितीतरी पुढे आहे. घरातला रिमोट कुठला ते ओळखायला बॅटरीचं झाकण उघडा. आत बारीक स्विचची रांग दिसली तर कोड फिक्स्ड आहे. सरकत्या गेटसाठी मिळणाऱ्या स्वस्त ४३३ मेगाहर्ट्झ रिमोटमध्येही असे पुष्कळ असतात. त्यांत स्विच दिसले नाहीत तरी कोड फिक्स्ड असू शकतो, तेव्हा विकणाऱ्याला स्पष्ट विचारा.

शेवटची वर्षं

बोटीच्या पुढे टेस्लाची झेप फार मोठी गेली. १८९९ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जला कृत्रिम विजा पाडून झाल्या, १९०१ मध्ये जे. पी. मॉर्गनच्या १,५०,००० डॉलरवर लाँग आयलंडमध्ये वॉर्डनक्लिफचा मनोरा सुरू झाला. जगभर बिनतारी संदेश आणि पुढे बिनतारी वीजसुद्धा पाठवायची होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मार्कोनीने खूप साध्या यंत्रावर अटलांटिकपार सिग्नल पोहोचवला. मॉर्गनने पुढचे पैसे दिले नाहीत. मनोऱ्याची जागा हॉटेलच्या थकलेल्या बिलांपोटी गेली आणि १९१७ मध्ये मनोरा पाडला गेला. त्याच वर्षी टेस्लाला अभियंत्यांच्या संस्थेचं पदक मिळालं, एडिसनच्या नावाचं!

पुढे एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात, थकलेली बिलं, आणि खिडकीत येणारी कबुतरं. लग्न त्याने केलंच नाही. १९३४ पासून वेस्टिंगहाउस कंपनी त्याला महिना १२५ डॉलर आणि हॉटेल न्यू यॉर्करचं भाडं देत होती. तिथेच ३३ व्या मजल्यावरच्या खोलीत ७ जानेवारी १९४३ रोजी तो एकटाच वारला. जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्कोनीच्या रेडिओ पेटंटचे महत्त्वाचे दावे रद्द केले. ते काम आधीच झालेलं होतं, असं म्हणताना न्यायालयाने ज्यांची नावं घेतली त्यांत टेस्ला होता.

दोन फ्रिक्वेन्सींच्या कुलपाच्या त्या पेटंटांची १७ वर्षांची मुदत १९२० मध्येच संपली होती. गॅरेजच्या दारांना रेडिओचे रिमोट लागायला तेव्हा बराच अवकाश होता.