खिशातले पाच बार

सॅम्युएल कोल्ट हे नाव उच्चारले की आपल्याकडच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर पडद्यावरचा काऊबॉय उभा राहतो. कमरेला चामडी पट्टा, त्यात लांब नळीचे रिव्हॉल्व्हर आणि समोर धुळीने भरलेला रस्ता. गंमत अशी की, चित्रपटांनी घरोघरी पोहोचवलेले ते १८७३ चे रिव्हॉल्व्हर कोल्टने पाहिलेसुद्धा नव्हते. त्याआधी अकरा वर्षे तो वारला होता. त्याच्या हयातीत त्याच्या कारखान्यातून जे हत्यार सर्वांत जास्त संख्येने बाहेर पडले, ते कमरेला मिरवण्याचे नव्हतेच. ते होते कोटाच्या खिशात, कुणाला दिसणार नाही असे ठेवण्याचे. १८४९ चे हे ‘पॉकेट मॉडेल’ १८७३ पर्यंत बनत राहिले आणि सव्वातीन लाखांहून अधिक खपले. कोल्टचे चरित्र लढायांच्या अंगाने पुष्कळांनी लिहिले आहे. मला ते या लहानग्या हत्याराच्या अंगाने पाहावेसे वाटते, कारण माणूस तिथे जास्त स्पष्ट दिसतो.

कोल्टचा जन्म १९ जुलै १८१४ चा, अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्डचा. आई लहानपणीच गेली. पोराचे शाळेत मन रमेना, दारूकामाचा नाद मात्र दांडगा. अखेर १८३० साली, सोळाव्या वर्षी, तो ‘कॉर्व्हो’ नावाच्या जहाजावर चढला. हे जहाज बोस्टनहून निघाले होते कलकत्त्याला. या प्रवासात त्याने लाकूड कोरून फिरत्या चक्रीच्या पिस्तुलाचा नमुना तयार केला. जहाजाचे सुकाणू फिरताना पाहून कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, फिरती चक्री ही काही कोल्टची एकट्याची कल्पना नव्हे. एलिशा कोलियरने तशा बंदुकीचे पेटंट इंग्लंडमध्ये १८१८ सालीच घेतले होते. कोल्टचे खरे कर्तृत्व दोन गोष्टींत. घोडा अंगठ्याने मागे ओढला की चक्री आपोआप एक घर पुढे सरकून नळीसमोर अचूक बसते, ही यंत्रणा त्याने पक्की केली. दुसरी गोष्ट, ती लाखांनी बनवून विकली.

विकणे त्याच्या रक्तातच असावे. नमुने करायला पैसे हवेत म्हणून हा विशीच्या आतबाहेरचा तरुण गावोगाव हिंडून लोकांना नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हसवणारा वायू, हुंगायला देण्याचे खेळ करत असे. जाहिरातीत तो स्वतःला डॉक्टर म्हणवी आणि आपल्या नावापुढे न्यूयॉर्क, लंडन यांच्या जोडीला कलकत्ताही लावी. एका सफरीच्या भांडवलावर आपले शहर त्याच्या पदवीत जाऊन बसले! पुढे आयुष्यभर त्याने बंदुका विकल्या त्या याच हातोटीने.

२५ फेब्रुवारी १८३६ रोजी त्याला अमेरिकेतले पेटंट मिळाले आणि न्यू जर्सीतल्या पॅटरसन गावी कारखाना सुरू झाला. तिथल्या पहिल्या रिव्हॉल्व्हरांतही खिशात मावणारी होती. पॉइंट २८ इंच व्यासाची, पाच घरांची, आणि चाप असा की एरवी आत मिटलेला, घोडा ओढला की बाहेर येणारा. हातात घेतली तर खेळण्यासारखी, पण महाग आणि नाजूक. सरकारने फारशी घेतली नाहीत आणि १८४२ साली कंपनी बुडाली.

याच सुमारास घरावर आणखी एक आघात झाला. सप्टेंबर १८४१ मध्ये कोल्टचा थोरला भाऊ जॉन याने न्यूयॉर्कमध्ये सॅम्युएल अ‍ॅडम्स नावाच्या मुद्रकाचा पैशाच्या वादातून कुऱ्हाडीने खून केला आणि प्रेत पेटीत भरून जहाजावर चढवले. खटल्यात सरकारी पक्षाने शंका काढली की, वार होण्याआधी पिस्तूल वापरले गेले असावे. मोठा आवाज न करता, नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी सुटली असावी. टोपी म्हणजे घोड्याच्या ठोक्याने ठिणगी देणारी तांब्याची लहान वाटी. अशा वेळी सॅम्युएल कोल्ट स्वतः न्यायालयात उभा राहिला आणि आपले रिव्हॉल्व्हर घेऊन, दारू न घालता केवळ टोपीवर गोळी उडवून, ती किती क्षीण जाते हे त्याने दाखवले. भावाचा जीव वाचवण्यासाठी आपल्याच हत्याराचे दुबळेपण सिद्ध करण्याची वेळ त्याच्यावर आली होती. जॉनला फाशीची शिक्षा झालीच. नोव्हेंबर १८४२ मध्ये, फाशीच्या दिवशीच, तो कोठडीत छातीत सुरा खुपसलेल्या अवस्थेत मृत सापडला.

मधली वर्षे कोल्टने पाणसुरुंग आणि तारायंत्राच्या जलरोधक तारा यांच्या मागे काढली. नशीब उघडले ते मेक्सिकोच्या युद्धाने. टेक्सास रेंजर्सच्या कॅप्टन सॅम्युएल वॉकरच्या सूचनांनुसार १८४७ मध्ये हजार रिव्हॉल्व्हरांची सरकारी मागणी आली. हे हत्यार दोन किलोंहून जड, नऊ इंची नळीचे. माणसाच्या नव्हे, घोड्याच्या अंगावर बांधायचे. या पैशातून कोल्ट हार्टफर्डला परतला आणि लगेच, १८४८ मध्ये, त्याने नेमके उलट टोक गाठले. पॉइंट ३१ व्यासाचे, पाच घरांचे छोटे रिव्हॉल्व्हर काढले आणि वर्षभरात ते सुधारून ‘पॉकेट मॉडेल’ केले. कॅलिफोर्नियात सोने सापडल्याची बातमी पसरत होती आणि हजारो अनोळखी माणसे शेजारी शेजारी झोपायला निघाली होती. लष्कराची मागणी युद्धापुरती, भीतीची मागणी बारमाही, हे कोल्टने ओळखले होते.

आता हे हत्यार होते कसे? लपवून बाळगायच्या शस्त्राची परीक्षा वेगळी असते. ते किती लांब मारते याला तिथे फारसा अर्थ नाही. किती जाड आहे, किती जड आहे, खिशातून बाहेर येताना कुठे अडकते, खिशात असताना आपोआप उडणार तर नाही ना, आणि पहिला बार खात्रीने निघतो का, हे प्रश्न महत्त्वाचे. रिव्हॉल्व्हरमध्ये सर्वांत जाड भाग चक्रीचा. सहाऐवजी पाच घरे ठेवली की चक्री बारीक होते. कोल्टने तेच केले. चार इंची नळीचे पॉकेट मॉडेल पाऊण किलोच्या आसपास भरते. त्या काळच्या लांब कोटाच्या खिशात ते सहज राही, आजच्या सदऱ्यात नाही. टोप्यांवर घोडा टेकून राहू नये म्हणून चक्रीच्या मागच्या बाजूस घरांच्या मधोमध बारीक खुंट्या होत्या. घोडा खुंटीवर टेकवला की पाचही घरे भरून नेता येत. पण खुंट्या झिजत, आणि मग शहाणा माणूस एक घर रिकामेच ठेवी. म्हणजे खिशात पाच बार म्हणायचे आणि मोजायचे चार.

उणिवा आणखी होत्या. प्रत्येक बारासाठी घोडा अंगठ्याने ओढावा लागे आणि त्याचे टोक अस्तरात अडकण्याची भीती असे. फुटलेल्या टोपीचा तुकडा यंत्रणेत पडला की सगळे ठप्प. घरांच्या तोंडाला चरबी नीट लावली नसेल तर एका बाराची आग शेजारच्या घरात शिरे. आणि पुन्हा भरायचे म्हणजे घराघरात दारू, गोळी ठासणे, मागे टोपी. चकमक तोवर कुणाच्या तरी बाजूने संपलेली असे. गोळी तर वाटाण्याएवढी. हाती असलेल्या पुराव्यावर माझे मत असे की, शस्त्र म्हणून पॉकेट मॉडेल बेताचेच होते. वस्तू म्हणून ते अप्रतिम होते. सुटे भाग यंत्रावर बनलेले, चक्रीवर डाकगाडी लुटण्याचा प्रसंग ठशाने उमटवलेला. विकत घेणारा माणूस या चित्रातली भीती आणि तिच्यावरचा उतारा एकाच पैशात घेत होता.

लपवलेल्या शस्त्राबद्दल तेव्हाचा अमेरिकन समाज निर्धास्त होता असे मात्र नाही. केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी १८१३ मध्येच छुपे शस्त्र बाळगण्यावर बंदी घातली होती. उघड बाळगणारा मर्द, लपवणारा दगाबाज, अशी तिथली भावना. कोल्टने त्या वादात पडण्याचे टाळले आणि माल पाठवत राहिला. त्याला गिऱ्हाईक वर्ज्य नव्हते. तुर्कस्तान आणि रशिया दोघांनाही त्याने हत्यारे विकली आणि यादवी युद्ध १८६१ च्या एप्रिलमध्ये पेटेपर्यंत दक्षिणेकडेही त्याचा माल जात राहिला. हा त्याच्या चरित्रातला डाग आहे, आणि धंद्याची रीत म्हणून तो पुसता येत नाही.

यश आले तसे वैभव आले. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात नाव झाले, लंडनला काही वर्षे कारखानाही चालला. हार्टफर्डला नदीकाठी बांध घालून त्याने १८५५ मध्ये निळ्या घुमटाचा प्रचंड कारखाना उभारला. बांधाची माती धरावी म्हणून विलोची झाडे लावली आणि त्यांच्या फांद्यांपासून खुर्च्या विणायचा उद्योग काढला. काही वाया घालवायचे नाही! १८५६ मध्ये एलिझाबेथ जार्व्हिसशी त्याचे लग्न झाले.

आणि याच काळात खिसा त्याच्या हातून निसटत होता. त्याचे पेटंट १८५७ मध्ये संपले. त्याच वर्षी स्मिथ आणि वेसन यांनी एक चिमुकले रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. पॉइंट २२ व्यासाचे, सात घरांचे, वजनाने कोल्टच्या निम्म्याच्या आसपास. गोळी कोल्टहूनही दुबळी. पण धातूच्या पुंगळीत दारू, गोळी आणि ठिणगी एकत्र होती. पावसात भिजायचे नाही, ठासायचे नाही. मागून आरपार भोक असलेल्या चक्रीचे पेटंट रोलिन व्हाइट या कारागिराने १८५५ मध्ये घेतले होते आणि दर नगामागे २५ सेंट देऊन स्मिथ-वेसनने ते वापरायला घेतले. हे पेटंट १८६९ पर्यंत टिकले. पेटंटच्या जोरावर प्रतिस्पर्ध्यांना न्यायालयात चीत करणाऱ्या कोल्टची कंपनी दुसऱ्याच्या पेटंटपुढे बारा वर्षे हात बांधून उभी राहिली.

कोल्टची पाच घरांची युक्ती मात्र टिकली. १९५० मध्ये याच स्मिथ-वेसनने पॉइंट ३८ चे आखूड ‘चीफ्स स्पेशल’ काढले, तेही चक्री बारीक राहावी म्हणून पाचच घरांचे. आपल्याकडे कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ आणले. अर्धा किलो वजन, सहा घरे, पॉइंट ३२, म्हणजे व्यास कोल्टच्या पॉकेट मॉडेलच्या शेजारचाच. मराठी माणसाच्या स्मरणातले छुपे हत्यार तर रिव्हॉल्व्हर नाहीच. १९०९ मध्ये नाशिकला जॅक्सनवर चालले ते ब्राउनिंग पिस्तूल, चपटे, चक्री नसलेले. जाडीचा प्रश्न ब्राउनिंगने चक्रीच काढून टाकून सोडवला होता.

कोल्ट १० जानेवारी १८६२ रोजी वारला, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. मुलांपैकी बहुतेक आधीच किंवा पाठोपाठ गेली. १८६४ मध्ये कारखाना जळाला, तो एलिझाबेथने पुन्हा बांधला आणि १९०१ पर्यंत कंपनी कुटुंबाकडे ठेवली. पती आणि मुलांच्या स्मरणार्थ तिने हार्टफर्डला कामगार वस्तीजवळ १८६९ मध्ये चर्च उभारले. त्याच्या एका दारावर, कारागिरांच्या म्हणून ठेवलेल्या दारावर, दगडात क्रूस कोरले आहेत आणि त्यांच्या आसपास नीट पाहिले तर रिव्हॉल्व्हरचे सुटे भागही दिसतात.