बार्नमचा हत्ती

बॉस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठात हत्तीचा पुतळा दिसला आणि लेकीने विचारलं, हा इथे कसा? मग पी. टी. बार्नमची गोष्ट सांगावी लागली.

बार्नम १८१० चा, कनेक्टिकटमधल्या बेथेलचा. १८३५ मध्ये त्याने जॉइस हेथ या वृद्ध गुलाम बाईला जॉर्ज वॉशिंग्टनची १६१ वर्षांची दाई म्हणून तिकीट लावून दाखवलं. पुढे हाच माणूस आमदार झाला, गुलामगिरीविरुद्ध उभा राहिला.

१८८२ मध्ये त्याने लंडनच्या प्राणिसंग्रहालयातून जम्बो हत्ती १०,००० डॉलरला घेतला. तीनच वर्षांनी कॅनडात रेल्वेच्या धडकेत जम्बो गेला. बार्नमने त्याचं पेंढा भरलेलं कातडं आणि सांगाडा, दोन्ही वेगवेगळे मिरवले. कातडं पुढे टफ्ट्सला दिलं, ते १९७५ च्या आगीत जळालं. बार्नम १८९१ मध्ये वारला.

माणूस विकाऊ नाही, हे त्याला उशिरा का होईना कळलं. हत्तीपर्यंत ते पोचलंच नाही.

नावं कशाला ठेवू? लहानपणी गावात आलेल्या हत्तीच्या सोंडेत नाणं ठेवून मीही आशीर्वाद घेतलाय. पायातली साखळी दिसत होती की!

हत्तीला हे आवडायचं का, असं लेकीने विचारलं. मी गप्पच राहिलो.