जलपर्णीवर उपग्रहाची नजर, पण पाण्याखालचं काय? १८६५ मधली पांढरी तबकडी आजही लागते. कोण होते अँजेलो सेक्की?

तलावातली जलपर्णी काढली की काही आठवड्यांत ती पुन्हा पसरते. ती किती वाढली, हे आता उपग्रहाच्या छायाचित्रांतून कळतं. मात्र पाण्याखाली उगवणाऱ्या वनस्पती टिपायच्या तर आधी पाणी किती नितळ आहे, हे माहीत हवं. ते मोजण्याची सोपी पद्धत एका खगोलशास्त्रज्ञ धर्मगुरूने दिली.

कोण होते सेक्की?
जन्म १८१८, इटलीतील रेजिओ एमिलिया. वयाच्या पंधराव्या वर्षी ते जेझुइट संघात गेले. १८४८ च्या उठावात जेझुइटांना रोम सोडावं लागलं. सेक्की इंग्लंडमार्गे अमेरिकेतील जॉर्जटाउनला पोहोचले. परतल्यावर त्यांच्याकडे रोममधील वेधशाळेची जबाबदारी आली. तिथे त्यांनी सुमारे ४,००० ताऱ्यांच्या प्रकाशाचे वर्णपट तपासून ताऱ्यांचे गट पाडले.

तबकडीचा प्रयोग काय होता?
१८६५ मध्ये पोपच्या आरमाराचे अधिकारी अलेस्सांद्रो चाल्दी यांनी त्यांना भूमध्य समुद्रातील प्रयोगांसाठी बोलावलं. जहाजावरून वेगवेगळ्या आकारांच्या आणि रंगांच्या तबकड्या पाण्यात सोडल्या गेल्या. तबकडी दिसेनाशी होते ती खोली म्हणजे पाण्याच्या नितळपणाचं माप. तलावांसाठी आज २० सेंटिमीटरची काळी-पांढरी 'सेक्की डिस्क' वापरतात.

उपग्रहाशी संबंध काय?
हिरवी पानं लाल प्रकाश शोषतात आणि निअर-इन्फ्रारेड किरण परत पाठवतात. पाणी मात्र हे किरण शोषून घेतं. त्यामुळे तरंगणारी जलपर्णी छायाचित्रात उठून दिसते, पाण्याखालची वनस्पती दिसत नाही. तिच्यासाठी दृश्य प्रकाशावर भिस्त ठेवावी लागते आणि गढूळ पाण्यात तोही तळापर्यंत जात नाही. म्हणून उपग्रहावरून काढलेला नितळपणा बरोबर आहे का, हे होडीतून डिस्क सोडून पडताळतात. प्रकाशावरून दूरची वस्तू ओळखायची, हे सेक्की ताऱ्यांबाबत करत होते. उपग्रह तेच तलावाबाबत करतो.

शेवट कसा झाला?
१८७० मध्ये रोम इटलीत सामील झालं. पुढे धार्मिक संघांच्या मालमत्ता सरकारने ताब्यात घेतल्या. तरीही सेक्की अखेरपर्यंत वेधशाळेत काम करत राहिले. २६ फेब्रुवारी १८७८ रोजी त्यांचं निधन झालं. उपग्रह दर काही दिवसांनी तलावावरून जातो. त्याचा अंदाज खरा की खोटा, हे मात्र आजही दोरीला बांधलेली तबकडीच सांगते.