विश्लेषण : वाळवंटात लष्कराची रेल्वे नेणारे पर्सी जिरूआर कोण होते?

आर्सेनल हा इंग्लिश फुटबॉल क्लब भारतातल्या चाहत्यांनाही चांगला परिचयाचा आहे. त्याच्या बोधचिन्हावर तोफ का, याचे उत्तर लंडनच्या पूर्वेकडच्या वुलिचमध्ये सापडते. तिथल्या रॉयल आर्सेनल या सरकारी शस्त्रनिर्मिती कारखान्यातल्या कामगारांनी १८८६ मध्ये हा क्लब सुरू केला. याच कारखान्याच्या आवारात लष्कराची स्वतःची रेल्वे धावत होती. १८९० मध्ये या रेल्वेच्या ट्रॅफिक मॅनेजरपदी २३ वर्षांचा एक कॅनडियन लेफ्टनंट आला. त्याचे नाव एदुआर पर्सी क्रॅनविल जिरूआर. पुढे आठच वर्षांत त्याने बांधलेल्या रेल्वेच्या जोरावर ब्रिटिशांनी सुदान जिंकले. त्यानंतर चौदा वर्षांनी केनियातल्या मसाई लोकांच्या जमिनीच्या प्रकरणात त्याची सरकारी कारकीर्द अडकून पडली.

वुलिचची रेल्वे नेमकी कशी होती?

जिरूआर यांचा जन्म २६ जानेवारी १८६७ रोजी माँट्रियलमध्ये झाला. वडील फ्रेंच भाषक वकील व राजकारणी, पुढे कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. आई आयरिश वंशाची. किंग्स्टनच्या रॉयल मिलिटरी कॉलेजमधून १८८६ मध्ये बाहेर पडल्यावर जिरूआर यांनी दोन वर्षे कॅनडियन पॅसिफिक रेल्वेत काम केले आणि १८८८ मध्ये ब्रिटिश लष्कराच्या रॉयल इंजिनीअर्समध्ये कमिशन घेतले.

वुलिचच्या आवारात दोन प्रकारचे रूळ होते. एक नेहमीच्या ब्रिटिश रेल्वेचा स्टँडर्ड गेज आणि दुसरा अवघा १८ इंचांचा. आपल्या माथेरानच्या गाडीचा गेज दोन फूट आहे, म्हणजे हे रूळ त्याहूनही अरुंद. कारण साधे होते. गाडी थेट कारखान्याच्या दारातून आत जाऊन यंत्रांच्या रांगांमधून वळायला हवी. ही छोटी वाफेची इंजिने कच्चा माल, तोफगोळे आणि स्फोटकांच्या पेट्या ओढत. तयार तोफा चाचणीसाठी गोळीबाराच्या मैदानावर नेण्याचे कामही रेल्वेचेच.

कोळशाचे इंजिन धुराड्यातून ठिणग्या फेकते आणि शेजारच्या डब्यात दारूगोळा असतो. तेव्हा कोणती गाडी कुठल्या इमारतीपर्यंत जाणार, कुठे थांबणार, पुढे डबे हाताने ढकलायचे की नाही, हे सगळे आधीच ठरलेले असावे लागते. (नंतर या धोक्यावर उपाय म्हणून तिथे तेलावर चालणारी इंजिनेही आणली गेली.) लष्करी तळावरची रेल्वे प्रवासी रेल्वेपेक्षा वेगळी पडते ती इथे. तिचे वेळापत्रक कारखान्याच्या आणि गोदामाच्या गरजेवर चालते, आणि एक डबा चुकीच्या सायडिंगला गेला की मागचे सगळे काम तुंबते. जिरूआर पाच वर्षे हेच सांभाळत होते.

किचनर यांना त्यांची गरज का पडली?

१८९६ मध्ये इजिप्तच्या लष्कराचे ब्रिटिश सरसेनापती हर्बर्ट किचनर यांनी सुदानवर मोहीम काढली. भारतीय वाचकांना किचनर आठवतात ते लॉर्ड कर्झन यांच्याशी झालेल्या भांडणामुळे. ती गोष्ट नंतरची. सुदानमध्ये तेव्हा महदीच्या अनुयायांचे राज्य होते. तिथे पोहोचायचे तर नाईल नदी हा एकच मार्ग, आणि नदीत धबधब्यांसारखे खडकाळ टप्पे. बोटी अडत होत्या. रेल्वे नेणे भाग होते.

जिरूआर वाडी हल्फाच्या तळावर पोहोचले तेव्हा हाताशी होते ते १८७०च्या दशकातल्या अर्धवट रेल्वेचे अवशेष. काही अंतरापुढे रूळ उखडलेले होते, स्लीपर शत्रूने काढून नेले होते आणि जुनी इंजिने सारखी बंद पडत होती. मजूर म्हणून इजिप्तचे शेतकरी, दक्षिण सुदानातले डिंका आणि शिलुक आणि लढाईत पकडलेले कैदीही होते. बहुतेकांनी आयुष्यात रेल्वे पाहिली नव्हती. स्टेशनमास्तर आणि शंटर घडवण्यासाठी वाडी हल्फात दोन खजुरीच्या झाडांखाली शाळा भरवली गेली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये अचानक आलेल्या पावसाने सुमारे १२ मैलांचा रेल्वेमार्ग वाहून गेला. तो हजारो माणसे लावून काही दिवसांत पुन्हा उभा करण्यात आला.

वाळवंटातला मार्ग अशक्य का मानला जात होता?

वाडी हल्फापासून नाईल पश्चिमेला मोठे वळण घेऊन अबू हमदला येते. किचनर यांना हे वळण टाळून थेट न्युबियन वाळवंटातून जायचे होते. अंतर सुमारे २३० मैल, म्हणजे ३७० किलोमीटर. मध्ये गाव नाही, पाणी नाही. तज्ज्ञांचे मत प्रतिकूल होते आणि ते उगाच नव्हते.

वाफेच्या इंजिनाला कोळशाच्या वजनाच्या कित्येक पट पाणी लागते. वाटेत पाणी नसेल तर गाडीला जाण्याचे आणि परतीचेही पाणी स्वतःच वाहून न्यावे लागते. मार्ग जसा लांबतो तशा पाण्याच्या टाक्या वाढतात आणि मालासाठी जागा कमी होते. एका टप्प्यानंतर गाडी फक्त स्वतःचेच पाणी ओढत राहील, अशी ती अवस्था. गणित इथेच फसायला हवे होते. पण ७७ व्या आणि १२६ व्या मैलावर खोदल्यावर पाणी लागले. इतर ठिकाणी खोदूनही लागले नाही. सुरुवातीची पाहणी करणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांपैकी लेफ्टनंट कॅटर आजाराने याच मोहिमेत मरण पावले.

जिरूआर यांचे खरे कौशल्य दिसले ते यादीत. काम सुरू होण्याआधी त्यांनी लागणाऱ्या प्रत्येक वस्तूचा अंदाज लिहून काढला. ती जाडजूड वही झाली. सामान कमी पडले म्हणून काम थांबल्याची वेळ आली नाही, असे या मोहिमेच्या इतिहासात नोंदले आहे. १५ नवी इंजिने आणि २०० वाघिणी मागवण्यात आल्या. गेज ठरला साडेतीन फूट, म्हणजे दक्षिण आफ्रिकेत वापरात असलेलाच.

१ जानेवारी १८९७ रोजी काम सुरू झाले. रुळांच्या टोकाशी सुमारे अडीच हजार माणसांचे तंबूंचे गाव होते आणि ते रुळांबरोबर पुढे सरकत असे. त्यात स्टेशन, तारघर, टपाल, कँटीन सगळे होते. सकाळी पहिली गाडी सुमारे सव्वादोन किलोमीटर पुरतील इतके रूळ आणि स्लीपर घेऊन यायची. दुपारी दुसरी यायची ती अन्न, पाणी, पत्रे, वर्तमानपत्रे आणि सोडावॉटर घेऊन. दुसरी गाडी आली नाही तर वाळवंटातल्या माणसांचे काय, याचा हिशेब रोज करावा लागे. सर्वांत वेगवान दिवशी जवळपास पाच किलोमीटर रूळ टाकले गेले.

या कामातली एक बाब थक्क करणारी आहे. मार्ग ज्या अबू हमदकडे चालला होता, ते गाव शत्रूच्या ताब्यात होते. जुलैअखेर १०३ मैल पूर्ण झाल्यावर काम थांबवावे लागले. ७ ऑगस्टला नदीकाठाने गेलेल्या सैन्याने अबू हमद घेतले आणि ३१ ऑक्टोबरला रेल्वे तिथे पोहोचली. १८९८च्या जुलैत ती अटबाराला गेली. याच रुळांवरून तीन नव्या गनबोटी सुटे भाग करून नेण्यात आल्या आणि पुढे नदीकाठी जोडण्यात आल्या.

२ सप्टेंबर १८९८ रोजी ओमदुर्मानची लढाई झाली. महदीच्या बाजूचे दहा हजारांहून अधिक सैनिक काही तासांत ठार झाले, तर ब्रिटिश-इजिप्शियन बाजूचे ४८. लढाई मॅक्सिम गन आणि तोफांची होती, पण त्या तिथपर्यंत नेल्या रेल्वेने आणि नदीतल्या बोटींनी. मोहिमेचा एकूण खर्च सुमारे साडेतेवीस लाख पौंड होता. त्यातला निम्मा, म्हणजे पावणेबारा लाखांहून थोडा अधिक, एकट्या रेल्वेवर झाला.

बोअर युद्धात त्यांनी कोणता नियम लावला?

वयाच्या ३१ व्या वर्षी जिरूआर इजिप्तच्या रेल्वे मंडळाचे अध्यक्ष झाले. १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले आणि ते लष्करी रेल्वेचे संचालक म्हणून तिकडे गेले. १९०० मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला.

युद्धात रेल्वेचे मोठे नुकसान शत्रूइतकेच आपलेच अधिकारी करतात. एखादा कर्नल गाडी अडवून ठेवतो, कुणी वाघिणींचे गोदाम करतो, कुणी इंजिन आपल्याच छावणीत धरून बसतो. अमेरिकी यादवी युद्धात हर्मन हॉप्ट या इंजिनीअरने हीच डोकेदुखी सोसली होती. जिरूआर यांची व्यवस्था स्पष्ट होती. काय न्यायचे आणि आधी काय न्यायचे, हे सेनापतीने सांगावे. गाडी कशी आणि केव्हा चालवायची, हे रेल्वेची माणसे ठरवतील. दोघांच्या मध्ये एकच लष्करी रेल्वे अधिकारी असेल आणि बाकी कुणी थेट हुकूम देणार नाही. माघार घेणाऱ्या बोअर सैन्याने पूल उडवले की नदीपात्रात उतरून पलीकडे चढणारा तात्पुरता मार्ग टाकला जाई. जिंकलेल्या प्रांतांतल्या रेल्वेचे नाव इम्पीरियल मिलिटरी रेल्वेज असे झाले. या अनुभवावर त्यांनी लिहिलेला इतिहास १९०३ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याच रेल्वेने बोअर कुटुंबांना आणि आफ्रिकी कुटुंबांना छावण्यांमध्येही नेले. त्या छावण्यांत २६ हजारांच्या आसपास बोअर स्त्रिया आणि मुले मरण पावली. आफ्रिकी मृतांची संख्या किमान १४ हजार मानली जाते. जिरूआर यांच्या चरित्रात ही बाजू अनेकदा एखाद्या ओळीत उरकली जाते. गाड्या वेळेवर धावण्याचे कौतुक करताना त्यात कोण बसवले होते, हेही पाहायला हवे.

मसाई प्रकरण काय होते?

रेल्वे चालवणारा माणूस प्रांतही चालवेल, असे लंडनला वाटले. १९०७ मध्ये जिरूआर उत्तर नायजेरियात गेले. तिथे बारो ते कानो रेल्वे त्यांच्याच काळात सुरू झाली. १९०९ मध्ये ते ब्रिटिश पूर्व आफ्रिकेचे, म्हणजे आजच्या केनियाचे गव्हर्नर झाले.

तिथली युगांडा रेल्वे १८९६ ते १९०१ या काळात भारतातून नेलेल्या सुमारे ३२ हजार मजुरांच्या श्रमांवर उभी राहिली होती. त्यांतले जवळपास अडीच हजार मरण पावले. रेल्वे आली तशी तिच्या दोन्ही बाजूंची जमीन गोऱ्या शेतकऱ्यांना हवीशी झाली. १९०४ च्या कराराने मसाई पशुपालकांनी रिफ्ट खोऱ्यातली कुरणे सोडली आणि उत्तरेला लायकिपिया व दक्षिणेला दुसरा राखीव भाग मिळवला. हा करार मसाई समाज असेपर्यंत पाळला जाईल, असे वचन होते.

ते सात वर्षे टिकले. १९११ मध्ये जिरूआर यांनी नवा करार करून लायकिपियातल्या मसाईंना दक्षिणेला हलवायचे ठरवले. किमान दहा हजार माणसे आणि त्यांची प्रचंड गुरे हलवायची होती. लायकिपियातली जमीन गोऱ्यांना देण्याची आश्वासने दिली गेली होती आणि लंडनमधले वसाहतमंत्री लुइस हार्कोर्ट यांना त्याची खरी माहिती दिली नव्हती, हे उघड झाले. जिरूआर यांनी १९१२ मध्ये राजीनामा दिला. स्थलांतर मात्र थांबले नाही. मसाई न्यायालयात गेले आणि १९१३ मध्ये हरले. हा ब्रिटिश राजसत्तेशी झालेला तह आहे, म्हणून त्यावर न्यायालय निवाडा करू शकत नाही, असे कारण देण्यात आले.

पुढे काय झाले?

जिरूआर आर्मस्ट्राँग व्हिटवर्थ या शस्त्रनिर्मिती कंपनीत गेले. पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये दारूगोळा पुरवठ्याचे सरकारी पद मिळाले, पण ते काही आठवडेच टिकले. फ्रान्समधल्या ब्रिटिश रेल्वेची विस्कटलेली घडी १९१६ मध्ये बसवली ती एरिक गेडेस यांनी, आणि त्यांनी तरुणपणी रोहिलखंडातल्या रेल्वेत काम केले होते. जिरूआर २६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडनमध्ये वारले. कॅनडाच्या बान्फ परिसरातल्या एका शिखराला त्यांचे नाव आहे.

वाडी हल्फाचा जुना तळ आता दिसत नाही. १९६०च्या दशकात आस्वान धरणाच्या जलाशयात ते गाव बुडाले आणि तिथल्या न्युबियन लोकांना दूर हलवण्यात आले. वाळवंटातल्या मार्गावर गावेच नसल्याने स्टेशनांना तेव्हा नुसते क्रमांक दिले होते. सुदानच्या नकाशावर ती आजही एक नंबर, दोन नंबर अशीच ओळखली जातात.