हिमालयातल्या बर्फावरून आपल्या पावसाचा अंदाज बांधणारा हेन्री ब्लॅनफर्ड

पुण्यात शिवाजीनगरला सिमला ऑफिस चौक आहे. पिरंगुट, भुगाव, भुकूमहून कामाला किंवा कॉलेजला पुण्यात येणाऱ्या कित्येकांनी तो ओलांडला असेल. पण पुण्यात हे सिमला आलं कुठून?

तर १९२८ साली भारताच्या हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला हलवण्यात आलं. लोक त्याला सिमला ऑफिसच म्हणायला लागले. पुढे १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं, पण पुण्यातलं ऑफिस राहिलं आणि चौकाचं नावही राहिलं.

या खात्याचा पहिला प्रमुख होता हेन्री फ्रान्सिस ब्लॅनफर्ड.

आज जगभरातल्या हिमनद्या मागे हटत असल्याच्या बातम्या येतात. त्या वाचून पिरंगुटमधला माणूस म्हणू शकतो की, आमची मुळा नदी काही हिमालयातून येत नाही. ती मुळशीच्या डोंगरातली, तिला पाणी पावसाचं. मग तिकडच्या बर्फाचं आम्हाला काय?

प्रश्न अगदी रास्त आहे. आणि सुमारे १४० वर्षांपूर्वी या प्रश्नाचं उत्तर शोधणारा माणूस म्हणजे हा ब्लॅनफर्ड.

कोळसा शोधायला गेला आणि बर्फाच्या खुणा सापडल्या

हेन्रीचा जन्म ३ जून १८३४ चा, लंडनमधला. लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये तो भूगर्भशास्त्र शिकला. त्याचा मोठा भाऊ विल्यमही त्याच वाटेवरचा. १८५५ मध्ये दोघा भावांना भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात नोकरी लागली आणि दोघे कलकत्त्याला येऊन दाखल झाले. तेव्हा हेन्री जेमतेम २१ वर्षांचा होता.

कंपनी सरकारला त्या काळात कोळसा हवा होता. मुंबई ते ठाणे रेल्वे सुरू होऊन दोनच वर्षं झाली होती. आगगाड्या आणि आगबोटी चालवायच्या तर कोळसा लागणार, आणि तो इंग्लंडहून आणणं परवडणारं नव्हतं. म्हणून दोघा भावांना ओडिशातल्या तालचेर भागात पाठवलं गेलं.

तिथे कोळशाच्या थरांच्या खाली त्यांना एक विचित्र थर दिसला. बारीक चिखलापासून बनलेला खडक आणि त्यात रुतून बसलेले मोठमोठे धोंडे. नदी वाहते तेव्हा जड दगड आधी टाकते आणि बारीक गाळ पुढे नेते. चिखल आणि धोंडे ती असे एकत्र ठेवत नाही. मग हे धोंडे इथे आणले कुणी?

१८५६ मध्ये या भावांनी सांगितलं की, हे बर्फाचं काम आहे.

तेव्हा युरोपातही हिमयुगाची कल्पना नवीच होती. स्वित्झर्लंडच्या लुई अगासीनं ती मांडून वीसेक वर्षं झाली होती आणि तिच्यावर वाद चालू होते. अशा वेळी तालचेरसारख्या, उन्हाळ्यात अंग भाजून काढणाऱ्या ठिकाणी कधीकाळी बर्फ होता असं म्हणणं म्हणजे धाडसच होतं.

पण पुढे पुरावा मिळाला, आणि तो महाराष्ट्रात मिळाला. १८७० च्या दशकात याच विभागातल्या फ्रान्सिस फेडन यांना चंद्रपूरजवळ पैनगंगेच्या काठी, इरई गावापाशी चुनखडीचा एक खडक सापडला. त्याच्यावर एकमेकांना समांतर असे ओरखडे होते. हिमनदी सरकते तेव्हा तिच्या तळाशी अडकलेले दगड खालचा खडक घासत जातात. हे ओरखडे त्यातलेच. म्हणजे ज्या चंद्रपूरचं नाव आज देशातल्या सर्वांत उष्ण शहरांमध्ये येतं, तिथे साधारण ३० कोटी वर्षांपूर्वी बर्फ होता. तेव्हा भारताचा हा भूभाग दक्षिण ध्रुवाच्या बाजूला, गोंडवन नावाच्या एका विशाल खंडात होता.

तो बर्फ वितळला. मोकळ्या झालेल्या जमिनीवर दलदली तयार झाल्या, जंगलं वाढली, गाडली गेली आणि त्यांचा कोळसा झाला. म्हणून तालचेरमध्ये काय आणि चंद्रपूरमध्ये काय, खाली बर्फाच्या खुणा आणि वर कोळसा अशी मांडणी सापडते.

प्रोफेसर ते हवामानवाला

पुढची काही वर्षं हेन्रीनं दक्षिणेत तिरुचिरापल्लीच्या आसपासचे खडक आणि जीवाश्म अभ्यासले. उन्हातान्हातल्या कामानं तब्येत बिघडली आणि १८६२ मध्ये त्यानं नोकरी सोडली. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात तो शिकवायला लागला.

दोनच वर्षांनी, ५ ऑक्टोबर १८६४ ला कलकत्त्यावर भयंकर चक्रीवादळ आदळलं. हजारो माणसं गेली. वादळ समुद्रात असताना त्याचा सुगावा कसा लागला नाही, हा प्रश्न सरकारपुढे उभा राहिला. वादळाचा अभ्यास करून अहवाल लिहिणाऱ्या दोघांपैकी एक ब्लॅनफर्ड होता. १८६७ मध्ये त्याला बंगालचा हवामान अधिकारी नेमलं गेलं.

तेव्हा प्रत्येक प्रांताचा कारभार वेगळा होता. उपकरणं वेगळी, नोंदीच्या वेळा वेगळ्या. मुंबईत कुलाब्याची वेधशाळा १८२६ पासून होती, मद्रासमध्येही होती, पण सगळ्यांच्या नोंदी एकत्र ठेवून देशाचं चित्र बघायची सोय नव्हती. १८७५ मध्ये सरकारनं संपूर्ण देशासाठी एकच हवामान खातं स्थापन केलं आणि त्याची सूत्रं ब्लॅनफर्डच्या हाती दिली. सगळीकडे एकसारखी उपकरणं आणि एकसारखी नोंद, हे त्याचं पहिलं काम.

खात्याला एक वर्ष होतंय तोच दख्खनमध्ये पाऊस रुसला.

१८७६ चा दुष्काळ

१८७६ ते ७८ चा दुष्काळ महाराष्ट्राच्या इतिहासातल्या सर्वांत वाईट दुष्काळांपैकी एक. पुणे, सोलापूर, अहमदनगर, सातारा हे जिल्हे होरपळले. मद्रास आणि म्हैसूरची अवस्था त्याहून वाईट झाली. देशभरात ५० लाखांहून अधिक माणसं मेली असं मानलं जातं.

पाऊस निसर्गामुळे पडला नाही, पण माणसं मेली त्यात सरकारी धोरणाचा मोठा वाटा होता. दुष्काळ चालू असताना धान्य परदेशी जात राहिलं आणि दुष्काळी कामांवरच्या मजुरांची मजुरी कापली गेली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं गावोगावची माहिती जमवून सरकारला जाब विचारला. हेच हाल बघून वासुदेव बळवंत फडके पेटून उठले आणि १८७९ मध्ये त्यांनी बंड केलं.

सरकारनं हवामान खात्याला विचारलं की, असा दुष्काळ आधी ओळखता येईल का?

उपग्रह नव्हते, संगणक नव्हते. मे महिन्यात बसून जून ते सप्टेंबरचा पाऊस सांगायचा होता. ब्लॅनफर्डनं आपल्या नोंदी काढल्या आणि जुळवाजुळव सुरू केली. त्यात त्याला दिसलं की ज्या वर्षी हिवाळ्याच्या शेवटी आणि वसंतात वायव्य हिमालयात जास्त बर्फ पडतो, त्या वर्षी पुढे भारतात कोरडे वारे जोर धरतात आणि पाऊस ओढ देतो.

यामागचं कारण समजायला सोपं आहे. उन्हाळ्यात जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरची ओली हवा आत ओढली जाते. हाच मान्सून. पण डोंगरांवर बर्फ जास्त असला तर तो ऊन परत फेकतो. उरलेली उष्णता बर्फ वितळवण्यात खर्च होते. जमीन हवी तेवढी तापत नाही आणि मान्सूनची ओढ कमी पडते. म्हणजे बर्फ पडणार काश्मीर आणि हिमाचलमध्ये, आणि त्याचा परिणाम दिसणार थेट दख्खनच्या शेतात.

१८८२ पासून त्यानं डोंगराळ भागातून बर्फाची माहिती मागवून प्रायोगिक अंदाज द्यायला सुरुवात केली. १८८४ मध्ये हा सिद्धांत लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. अंदाज बऱ्यापैकी जुळत गेले, आणि ४ जून १८८६ ला भारताचा पहिला अधिकृत मोसमी पावसाचा अंदाज निघाला. आज दरवर्षी एप्रिलमध्ये यंदा पाऊस सरासरीच्या किती टक्के अशी बातमी येते, तिची सुरुवात ही अशी आहे.

त्यानंतर थोड्याच वर्षांत ब्लॅनफर्ड निवृत्त झाला आणि इंग्लंडला परतला. १८८९ मध्ये त्याचं भारताच्या हवामानावरचं पुस्तक आलं. २३ जानेवारी १८९३ ला फोकस्टन इथे तो वारला, तेव्हा त्याचं वय ५८ होतं.

त्याच्या सिद्धांताचं पुढे काय झालं?

फक्त बर्फावर भरवसा ठेवून भागत नाही हे लवकरच कळलं. त्याच्यानंतर आलेल्या जॉन एलियटनं आणखी निकष जोडले, तरी १८९९ चा अंदाज सपशेल फसला. पाऊस चांगला होईल असं सांगितलं आणि त्या वर्षी पुन्हा भीषण दुष्काळ पडला. मग गिल्बर्ट वॉकर आले. त्यांनी जगभरातल्या हवेच्या दाबाचा अभ्यास केला आणि त्यातून पुढे एल निनोचं कोडं सुटायला मदत झाली. पण वॉकर यांच्या सूत्रातही हिमालयातला बर्फ होताच.

इतकंच कशाला, १९८८ मध्ये आपल्या डॉ. वसंत गोवारीकरांनी जे १६ निकषांचं प्रसिद्ध मॉडेल दिलं, त्यातही हिमालयातला बर्फ हा एक निकष होता. शंभर वर्षांनंतरही ब्लॅनफर्डचं निरीक्षण कामाला येत होतं.

आता मूळ प्रश्न

ब्लॅनफर्ड ज्याबद्दल बोलत होता तो दर हिवाळ्यात पडून उन्हाळ्यात वितळणारा बर्फ. हिमनदी वेगळी. वर्षानुवर्षं पडलेला बर्फ न वितळता साचत जातो, दाबला जातो, घट्ट होतो आणि स्वतःच्या वजनानं हळूहळू खाली सरकतो, ती हिमनदी. पहिला म्हणजे डोंगराचा दरवर्षीचा पगार समजा, दुसरी म्हणजे मुदत ठेव. आज जगात ही ठेव मोडली जातेय.

२००० ते २०१९ या काळात जगातल्या हिमनद्यांनी दरवर्षी सरासरी २६७ अब्ज टन बर्फ गमावला. हिंदुकुश आणि हिमालयात २०११ ते २०२० या दशकात बर्फ जाण्याचा वेग आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्क्यांनी जास्त होता. प्रदूषण असंच वाढत राहिलं तर या शतकाच्या शेवटी तिथला ८० टक्क्यांपर्यंत बर्फ संपलेला असू शकतो.

आता कुणी म्हणेल की चंद्रपूरचा बर्फही वितळलाच होता की, मग आत्ताच एवढी चिंता कशाला? फरक वेगाचा आहे. तेव्हाच्या बदलांना हजारो, लाखो वर्षं लागली. आत्ता एका माणसाच्या हयातीत हिमनद्या गायब होतायत.

मुळा, भीमा, कृष्णा, गोदावरी यांना हिमनदीचं पाणी नाही, हे खरंच. पण वितळलेला बर्फ समुद्रात जातो आणि मुंबई, कोकणच्या किनाऱ्यावर पाण्याची पातळी वाढते. सिंधू आणि गंगेच्या खोऱ्यात पिकणारा गहू आपल्याही ताटात येतो. हिमनद्यांच्या तोंडाशी साचलेली तळी फुटतात तेव्हा २०१३ मध्ये केदारनाथला आणि २०२३ मध्ये सिक्कीमला झाला तसा विध्वंस होतो. चारधामला जाणाऱ्यांमध्ये मराठी माणसं किती असतात हे वेगळं सांगायला नको.

राहिला पाऊस. ब्लॅनफर्डच्या नियमानं बर्फ कमी तर पाऊस जास्त व्हायला हवा. पण हिशेब इतका सरळ राहिलेला नाही. पुण्यात पाषाणला असलेल्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उपग्रहाच्या माहितीवरून हे नातं पुन्हा तपासलं, तेव्हा ते बदलत चालल्याचं दिसलं. समुद्र तापतोय, हवा तापतेय, आणि जुन्या नोंदींवर बांधलेले आडाखे तसेच्या तसे चालतील याची खात्री देता येत नाही. ज्याचा आंबेमोहर पावसावर उभा आहे त्या मुळशीच्या शेतकऱ्यासाठी ही साधी गोष्ट नाही.

ब्लॅनफर्ड भारतात आला तो कोळसा शोधायला. जुना बर्फ गेला तेव्हा त्या जागी वाढलेल्या जंगलांचा तो कोळसा. आपण तो दीडशेहून अधिक वर्षं जाळतोय, तालचेरचाही आणि चंद्रपूरचाही, आणि त्याच धुरानं उरलेला बर्फ वितळतोय. आगगाडीसाठी कोळशाची मोजदाद करणाऱ्या त्या २१ वर्षांच्या पोराला याची कल्पना असणं शक्य नव्हतं. पण हिमालयातला बर्फ आणि आपल्या शेतातला पाऊस हे एकाच हवेनं बांधलेले आहेत, हे त्यानं नोंदी ठेवून दाखवून दिलं होतं. त्यामुळे हिमनदीची पुढची बातमी येईल तेव्हा ती आपल्याच पावसाची बातमी समजून वाचायला हरकत नाही.