अकबराच्या दरबारातील पाद्री : धन्यवादित रुडॉल्फ आक्वाविवा



आपल्या कासूहून रेवदंड्याचा किनारा काही फार दूर नाही. १५७९ साली नोव्हेंबर महिन्यात याच किनाऱ्यासमोरून एक जहाज गोव्याहून दमणकडे गेले. त्या जहाजात एकोणतीस वर्षांचा एक इटालियन धर्मगुरू होता. अकबर बादशहाने त्याला बोलावणे पाठवले होते.

रुडॉल्फ आक्वाविवा यांचा जन्म १५५० साली इटलीतील आत्री येथे, एका ड्यूकच्या घरी झाला. वाड्यातील सुखे सोडून ते अठराव्या वर्षी येशूसंघात दाखल झाले. त्यांचे काका क्लॉडिओ पुढे त्याच संघाचे प्रमुख झाले. १५७८ साली रुडॉल्फ गोव्याला आले आणि सेंट पॉल कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवू लागले.

ख्रिस्ती धर्म समजून घेण्यासाठी अकबराने गोव्याकडे दोन विद्वान पाद्री मागितले होते. फादर रुडॉल्फ, फादर मॉन्सेरात आणि इराणी वंशाचे दुभाषी हेन्रिकेस यांची निवड झाली. दमण-सुरतमार्गे ते १५८० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये फत्तेपूर सिक्रीला पोहोचले. त्यांनी अनेक भाषांतील बायबलचे भव्य खंड भेट दिले. बादशहाने ते आदराने मस्तकी लावले.

इबादतखान्यात रात्ररात्र वाद रंगत. मुल्ला, पंडित, जैन, पारशी, पाद्री सारे एका छताखाली बसत. पण एकत्र बसले म्हणून मने जुळतातच असे नाही. दोन्ही बाजूंनी कडवे शब्द निघाले. फादरांच्या पत्रांतही इस्लामविषयी कठोर भाषा आढळते, हे आपण लपवू नये.

एकदा अग्निपरीक्षेची गोष्ट निघाली : एकाने बायबल, दुसऱ्याने कुराण घेऊन आगीत शिरायचे. येशूसंघीयांनी लिहिले, की हा प्रस्ताव मुस्लिम पक्षाचा होता आणि देवाची परीक्षा पाहू नये म्हणून फादरांनी तो नाकारला. अबुल फजलने अकबरनाम्यात लिहिले, की प्रस्ताव पाद्र्याचा होता आणि मौलवींनीच माघार घेतली. प्रसंग एक, पण दोन घरांत त्याच्या दोन कहाण्या! आजही आपल्याकडे असेच घडत नाही काय?

तरीही तीन वर्षांत बरेच काही घडले. फादर रुडॉल्फ फारसी शिकले. फादर मॉन्सेरातनी शहजादा मुरादला शिकवले. अबुल फजलशी त्यांचा स्नेह जुळला. बादशहा बाप्तिस्मा घेईल ही आशा मात्र फोल ठरली. निरोपाच्या वेळी फादरांनी धनदौलत नाकारली आणि गुलामगिरीतील एका ख्रिस्ती कुटुंबाची सुटका तेवढी मागून घेतली. १५८३ च्या मे महिन्यात ते गोव्याला परतले.

परक्या दरबारात ते सुखरूप राहिले. मृत्यूने त्यांना गाठले ते पोर्तुगीजांच्याच मुलखात. साष्टीतील कुंकळ्ळी परिसरातील देवळे पोर्तुगीज सैनिकांनी मोडली होती. गावकऱ्यांच्या मनात संताप धुमसत होता. २५ जुलै १५८३ रोजी चर्चसाठी जागा पाहायला गेलेल्या फादर रुडॉल्फ व त्यांच्या चार येशूसंघीय साथीदारांना गावकऱ्यांनी ठार मारले. त्यांच्याबरोबर काही ख्रिस्ती लोकही मारले गेले. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावून त्यांची हत्या केली. त्या प्रमुखांचेही स्मारक आज कुंकळ्ळीत आहे. आपल्या रक्तसाक्ष्यांसाठी प्रार्थना करताना त्यांच्याकडेही पाठ फिरवू नये.

१८९३ साली पोप तेरावे लिओ यांनी या पाच जणांना धन्यवादित घोषित केले. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने मुस्लिमांकडे आदराने पाहण्यास आणि जुने वैर विसरून परस्परांना समजून घेण्यास सांगितले. २०१९ साली अबूधाबीत पोप फ्रान्सिस आणि अल्-अझरचे प्रमुख इमाम यांनी मानवी बंधुत्वाच्या दस्तऐवजावर सह्या केल्या. इबादतखान्यात जे साधले नाही, त्याचीच ही पुढची वाट आहे.

रोहा-नागोठणे परिसरात आपले मुस्लिम शेजारी आहेत. ईदचा शिरखुर्मा आणि नाताळचा फराळ या घरातून त्या घरात जातो, तोही संवादच. मात्र एवढ्यावर थांबू नये. शेजाऱ्याविषयी काही ऐकले, तर ते खरे काय हे त्यालाच विचारावे. फादर रुडॉल्फ त्यासाठी फारसी शिकले. आपल्याला तर भाषाही शिकावी लागत नाही.

धन्यवादित रुडॉल्फ, आमच्यासाठी विनंती करा.