दादासाहेब खापर्डे : कचेरीतील पाच वर्षे

वऱ्हाडातील सार्वजनिक जीवनाचा इतिहास दादासाहेब खापर्डे यांचे नाव घेतल्याशिवाय पुरा होत नाही. लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी, उमरावतीचे नामांकित वकील आणि विनोदी वक्ते ही त्यांची रूपे सर्वपरिचित आहेत. १८८५ ते १८९० या पाच वर्षांत त्यांनी मुन्सफ आणि एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर म्हणून वऱ्हाडात सरकारी चाकरी केली, ही बाब मात्र चरित्रलेखनात बहुधा एका वाक्यात आटोपली जाते. प्रस्तुत लेखात त्यांच्या जीवनक्रमाचा आढावा घेताना या पाच वर्षांकडे विशेष लक्ष दिले आहे. त्या काळातील न्यायाधिकाऱ्यावर पडणाऱ्या कामाचे स्वरूप ध्यानात घेतले, तर एवढा व्यासंगी पुरुष मराठी ग्रंथकारांच्या मालिकेत का आढळत नाही, या प्रश्नाकडेही निराळ्या दृष्टीने पाहता येते.

गणेश श्रीकृष्ण खापर्डे यांचा जन्म २७ ऑगस्ट १८५४ रोजी, गणेशचतुर्थीच्या दिवशी, वऱ्हाडात झाला. वडील श्रीकृष्ण नरहर हे गरिबीतून स्वकष्टाने वर येऊन सरकारी अधिकारपदापर्यंत पोहोचले होते. दादासाहेबांचे प्रारंभीचे शिक्षण नागपूर व उमरावती येथे आणि उच्च शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात झाले. संस्कृत आणि इंग्रजी हे त्यांचे आवडीचे विषय. १८७७ मध्ये ते बी. ए. झाले आणि १८८४ मध्ये एलएल. बी. या दोन पदव्यांमध्ये सात वर्षांचे अंतर आहे. पुढील वर्षी ते वऱ्हाडात सरकारी सेवेत शिरले. त्या वेळी वऱ्हाडात पदवीधर थोडे होते आणि कायद्याचे पदवीधर त्याहून थोडे.

त्यांनी पत्करलेल्या कामाचे स्वरूप समजण्यासाठी वऱ्हाडची तत्कालीन राज्यव्यवस्था पाहणे अवश्य आहे. १८५३ च्या तहाने निजामाने हा प्रांत इंग्रजांच्या हवाली केला, तरी तो ब्रिटिश मुलूख झाला नाही. सार्वभौमत्व निजामाकडे आणि कारभार हैदराबादच्या रेसिडेंटाच्या देखरेखीखाली इंग्रजांकडे, अशी ही दुहेरी व्यवस्था होती. तिचा परिणाम न्यायखात्यावर प्रत्यक्ष होत असे. ब्रिटिश हिंदुस्थानासाठी झालेला कायदा वऱ्हाडात आपोआप अमलात येत नसे. तो लागू केल्याचा स्वतंत्र हुकूम लागे. म्हणून येथील न्यायाधिकाऱ्यास कायद्याचे कलम माहीत असून भागत नसे. तो कायदा या प्रांतास लागू आहे काय, असल्यास संपूर्ण की काही फेरफारांसह, हे प्रथम पाहावे लागे. मुंबईत कायदा शिकून आलेल्या तरुणास हा अभ्यास नव्याने करणे भाग होते.

दुसरी गोष्ट अधिकारांच्या सरमिसळीची. मुलकी, फौजदारी आणि दिवाणी ही कामे वऱ्हाडात तेव्हा पुरती विभक्त झालेली नव्हती. मुन्सफ हा मुख्यतः दिवाणी दावे चालविणारा अधिकारी. पण एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनराच्या पदाला मॅजिस्ट्रेटचे आणि मुलकी कारभाराचे काम जोडलेले असे. सकाळी सारा व जमीन यांसंबंधीचे कागद, दुपारी फौजदारी खटला आणि सायंकाळी दिवाणी दाव्याचा निकाल, असे वेगवेगळ्या स्वभावाचे काम एकाच मेजावर येऊन पडण्याची ही व्यवस्था होती. न्यायदानाला लागणारी स्वस्थता तिच्यात गृहीत धरलेली नव्हती.

दाव्यांची संख्या वाढण्याची कारणेही त्याच काळात निर्माण झाली होती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या वेळी, १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाचे भाव चढले. त्याच दशकात लोहमार्ग वऱ्हाडात आला आणि मुंबईचा बाजार जवळ झाला. मुंबई इलाख्याच्या धर्तीवर झालेल्या रयतवारी पाहणीने जमिनीवरील कब्जा निश्चित झाला. त्यामुळे जमीन गहाण टाकता येऊ लागली आणि सावकारालाही ती हवीशी वाटू लागली. सातपुड्याच्या पायथ्याशी, त्या वेळच्या अकोट तालुक्यात असलेल्या हिवरखेडसारख्या काळ्या जमिनीच्या गावाचे उदाहरण घेतले, तर हे चित्र स्पष्ट होते. पेरणीच्या वेळी कर्ज, कापूस घरी आल्यावर फेड आणि पाऊस चुकला की नवे कर्जखत, असे हे चक्र होते. कर्जखत बहुधा मोडी लिपीत, अंगठा किंवा नांगराची निशाणी करणारा शेतकरी आणि गावातलेच साक्षीदार. असा दावा उभा राहिला की निशाणी खरी काय, रक्कम प्रत्यक्ष पोहोचली काय, व्याजाचा हिशेब बरोबर काय आणि मुदत टळली काय, हे चार प्रश्न न्यायाधिकाऱ्यापुढे येत. दावा लहान असला तरी पुराव्याचे काम कमी होत नसे. कज्जेदार मात्र बैलगाडीने मजल मारून आलेला असे. तारीख पुढे ढकलली गेली तर त्याची फेरी फुकट जाई.

या कामातील सर्वांत कष्टाचा भाग लेखनाचा होता, आणि वाङ्मयाच्या अभ्यासकांच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. १८८२ च्या दिवाणी व्यवहारसंहितेप्रमाणे साक्षीदाराची जबानी न्यायालयाच्या भाषेत लिहून घ्यावी लागे. अपिलाला पात्र असलेल्या दाव्यात न्यायाधीश ती स्वतः लिहीत नसेल, तर साक्ष चालू असतानाच तिचे सार त्याने स्वहस्ते टिपले पाहिजे, असा दंडक होता. अर्थात कारकून मराठीत जबानी उतरवीत असता न्यायाधीशाची लेखणीही चालूच असे. निकालपत्रात दाव्याची हकीकत, निर्णयासाठी निघालेले मुद्दे, प्रत्येक मुद्द्यावरील निर्णय आणि त्याची कारणे ही सर्व यावी लागत. निकाल न्यायालयाच्या भाषेत, इंग्रजीत किंवा न्यायाधीशाच्या मातृभाषेत लिहिण्याची मुभा होती. तथापि ज्या अधिकाऱ्याचे निकाल इंग्रज वरिष्ठांच्या नजरेखाली जात, त्याच्या लेखणीला इंग्रजीचे वळण लागणे साहजिक होते. मराठीतून ऐकावे, इंग्रजीतून विचार मांडावा, अलंकार टाळावेत आणि दिवस संपण्यापूर्वी नोंद पुरी करावी, ही शिस्त एतद्देशीय न्यायाधिकाऱ्यांच्या त्या पिढीस कचेरीने लावली.

१८९० मध्ये खापर्डे यांनी ही नोकरी सोडली आणि उमरावतीस वकिली सुरू केली. त्यांच्या जीवनाला येथून निराळे वळण लागले. वकिलीत त्यांनी विपुल धन मिळविले आणि ते सढळ हाताने खर्चही केले. नगरपालिका आणि जिल्हा बोर्ड यांच्या कारभारात त्यांनी अनेक वर्षे भाग घेतला. १८९७ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन उमरावतीस भरले. त्याचे अध्यक्ष शंकरन नायर होते आणि स्वागताध्यक्ष खापर्डे. त्याच वर्षी निवर्तलेल्या बाबा महाराजांच्या मृत्युपत्रान्वये टिळकांबरोबर ते विश्वस्त झाले. त्यातून उद्भवलेले ताईमहाराज प्रकरण १९१५ मध्ये प्रीव्ही कौन्सिलच्या निर्णयापर्यंत चालले. २२ जुलै १९०८ रोजी टिळकांना शिक्षा झाल्यावर त्यांच्या अपिलाच्या कामासाठी खापर्डे ऑगस्टमध्ये विलायतेस निघाले आणि १९१० मध्ये परतले. ज्या न्यायव्यवस्थेचे ते एके काळी पगारी अधिकारी होते, तिच्याच सर्वोच्च पायरीवर ते आता आपल्या मित्रासाठी दाद मागत होते. सरकारी चाकरीतील पाच वर्षांचा उपयोग या प्रसंगी झाला असणार. सरकारी कागद कसा तयार होतो आणि त्यात उणे कोठे राहते, हे आतून पाहिलेला माणूस टिळकांच्या बाजूला होता.

मराठी रंगभूमीशीही त्यांचे जवळचे नाते होते. १९०५ मध्ये मुंबईस भरलेल्या पहिल्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले. हा मान नाटककाराचा नव्हता. तो एका जाणत्या रसिकाचा होता. डिसेंबर १९१० मध्ये ते प्रथम शिर्डीस गेले आणि पुढे १९११-१२ मध्ये पत्नी लक्ष्मीबाई यांच्यासह तेथे दीर्घ काळ राहिले. त्या मुक्कामातील त्यांची इंग्रजी रोजनिशी साईबाबांच्या चरित्राचे समकालीन साधन म्हणून आजही वाचली जाते. असहकाराचा मार्ग त्यांना पटला नाही. १९२० नंतर ते कौन्सिल ऑफ स्टेटचे सभासद राहिले. १ जुलै १९३८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या रोजनिशीचे खंड दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जतन केलेले आहेत.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. कामाच्या ओझ्यामुळे लेखन राहून गेले, असे उत्तर सोपे आहे. पण ते पुरेसे नाही. लोकहितवादींनी 'प्रभाकर'मधील शतपत्रे सरकारी भाषांतरकार असताना लिहिली, १८५२ मध्ये ते वाईस मुन्सफ झाले आणि न्यायखात्यात वरच्या जागा भूषवीत असताही त्यांचे मराठी लेखन थांबले नाही. खुद्द वऱ्हाडात श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी अकोला, खामगाव आणि जळगाव-जामोद येथे वकिली करीत नाटके लिहिली. १९०२ मध्ये 'विविधज्ञानविस्तारा'त आलेल्या त्यांच्या पहिल्या विनोदी लेखाचा विषयच 'साक्षीदार' हा आहे. न्यायालयाचा अनुभव मराठी वाङ्मयात उतरू शकतो, याचा हा उत्तम दाखला होय.

तेव्हा भेद केवळ फुरसतीचा नाही. कोल्हटकरांपुढे मराठी वाचक होता आणि लोकहितवादींपुढे सुधारावयाचा मराठी समाज होता. न्यायासनावरील अधिकाऱ्यापुढे मात्र वाचक म्हणून वरिष्ठ न्यायालयच असते. त्याने लिहावयाचे ते नोंद म्हणून, वाचनासाठी नव्हे. खापर्डे यांनी न्यायासन सोडले, तरी दररोज, नेमकेपणाने, इंग्रजीत नोंद करण्याची वृत्ती त्यांच्या ठायी कायम दिसते. रोजनिशीतील त्यांचे वाक्य आटोपशीर असते. कोण आले, काय बोलणे झाले, प्रकृती कशी होती, हे क्रमाने येते आणि अभिप्राय थोडक्यात येतो. जबानीचे सार टिपणाऱ्या लेखणीशी या शैलीचे साम्य आढळते. हे साम्य केवळ कचेरीमुळे आले, असा आग्रह येथे नाही. रोजनिशी हा प्रकारच संक्षेपाकडे झुकणारा आहे. परंतु त्या शैलीच्या घडणीत कचेरीचा वाटा विचारात घ्यावाच लागेल.

त्यांचे बोलणे मराठी होते आणि ते श्रोत्यांबरोबर विरून गेले. त्यांचे लेखन टिकले, पण ते इंग्रजीत. वऱ्हाडच्या वाङ्मयीन इतिहासाचा विचार आपण बहुधा प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांवरून करतो. त्या प्रांतातील सुशिक्षितांच्या पहिल्या पिढ्यांची बुद्धी ज्या कागदांत खर्ची पडली, ती निकालपत्रे, टिपणे आणि रोजनिशा आपल्या अभ्यासाच्या कक्षेबाहेर राहतात. खापर्डे यांचे चरित्र ही कक्षा वाढविण्याची निकड दाखविते. न लिहिल्या गेलेल्या मराठी ग्रंथांची कारणे शोधणे, हेही वाङ्मयेतिहासाचेच काम आहे.